फुटबॉलचे हवालदार

आमचे घरमालक पटवारी यांनी आयुष्यात फुटबॉलला कधी पाय लावला नाही. तरी दूर सर्बियातल्या एका लहान गावच्या फुटबॉल क्लबाचा अख्खा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. तो क्लब कुठल्या न्हाव्याच्या दुकानात स्थापन झाला, पहिला गोलकीपर दिवसा पाव भाजायचा की रात्री, मैदानाच्या पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, विचारा आणि ऐका. विचारलं नाही तरी ऐकावं लागायचंच. मला हा खेळ अजिबात आवडत नाही. पोरं खेळली की शाळेची कौलं फुटतात, एवढंच माझं त्याच्याशी नातं. पण तो सगळा इतिहास माझ्याच हातून उतरला, आणि त्यातली मोठी चूकही माझ्याच तोंडची, म्हणून सांगणं मला भाग आहे.

भीमपूरकडच्या एका गावात मी मराठी शाळेवर बाई म्हणून रुजू झाले. पैनगंगेच्या अलीकडचं गाव. पलीकडे महाराष्ट्र. मी मूळची आदिलाबादची, वडिलांचं किराणा दुकान. गावात एकट्या बाईला खोली कोण देणार? पटवाऱ्यांनी दिली. तिथं तेरा वर्षं राहिले. लग्न का केलं नाही वगैरे इथं नको.

त्यांना सगळे पटवारी म्हणत, पण मी गेले तेव्हा ते पटवारी राहिले नव्हते. आंध्र सरकारनं वर्षभरापूर्वीच वंशपरंपरेचे पटेल-पटवारी, म्हणजे गावचे पाटील-तलाठी, एका फटक्यात रद्द केले होते. तीन पिढ्यांचं दफ्तर, सगळे जमिनीचे कागद, एका जीपमधून गेलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या की जीप गेल्यावर हे तीन दिवस जेवले नाहीत, आणि चौथ्या दिवशी जेवले ते भांडण करून. ज्या लाल कापडात दफ्तर बांधायचे तो बस्ता तेवढा जीपवाल्यांनी नेला नव्हता. त्याची घडी करून त्यांनी ती फळीवर ठेवली होती. दर दसऱ्याला ती घडी झटकायची, उन्हात धरायची आणि पुन्हा ठेवायची. आत काही नाही. रिकाम्या फडक्याची पूजा मी पहिल्यांदा तिथंच पाहिली.

माणूस उंच, हाडकुळा, काळी टोपी, घसरलेला चष्मा. रिकाम्या झालेल्या कपाटांच्या किल्ल्या अजून कमरेला. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. घरात मराठी, कागदावर फारसी वळणाचे शब्द, बाजारात तेलुगू. कोणी काहीही सांगितलं की पहिला प्रश्न, "नोंद हाय का?" शेजाऱ्याची म्हैस व्याली, नोंद हाय का? माझ्या शाळेत पाहुणे येऊन गेले, नोंद हाय का? आणि जागेची चतुःसीमा सांगितल्याशिवाय त्यांना कुठलीही गोष्ट पटायची नाही. काकू वैतागून म्हणायच्या, "ह्याहिले जेवाले वाढलं तं पह्यले सांगा लागते, ताटाच्या पूर्वेले वरन, पश्चिमेले ठेचा!"

मुलगी किनवटला दिलेली. बापाचं मन रमावं म्हणून तिनं रेडिओ आणून दिला. पटवारी दुपारी औरंगाबाद केंद्र शोधता शोधता भलत्याच मुलखात जायचे. एकदा मला हाक मारली. "बाई, या बरं इकडे. हे बाई काय सांगून राह्यली?" कुठलंसं युगोस्लाव्हियाचं केंद्र होतं. इंग्रजीत पत्रमैत्रीचे पत्ते वाचून दाखवत होते. पटवाऱ्यांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण लय कळली होती. "नाव, गाव, जिल्हा. नोंद वाचून राह्यली ना?" म्हटलं, हो. "मंग एक लिवून घ्या." मी घेतला. त्यातून सगळं झालं.

पत्र मी इंग्रजीत लिहिलं. मजकूर त्यांचा. मी अमुक पाच गावांचा माजी पटवारी, तुमचं गाव कोणतं, तालुका कोणता, नदी कोणती, मुख्य पीक काय. म्हटलं, माणसाला बरं आहे का तरी विचारा. "ते नंतर. पह्यले पत्ता पक्का होऊ द्या."

दोन महिन्यांनी जाड पाकीट आलं. तिकडचा माणूस रेल्वेतला निवृत्त कारकून होता, विधुर, आणि गावातल्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी. त्याच्या गावात सांगण्यासारखं त्या क्लबाशिवाय काही नव्हतं, असं त्यानंच लिहिलं होतं. क्लब फार जुना, पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. न्हाव्याच्या दुकानात सात जणांनी काढलेला. पहिला चेंडू शहरात शिकायला गेलेल्या एका पोरानं कोटात लपवून आणला होता. नेहमी खालच्या वर्गात खेळले, एकदाच एक पायरी वर चढले आणि पुढच्या वर्षी उतरले. मी ओसरीवर बसून मराठी करून सांगत होते. शेवटी सहीच्या वर एकच शब्द वेगळ्या ओळीत होता. इंग्रजी नव्हता. इंग्रजी अक्षरांत होता, एवढंच. एच, व्ही, ए, एल, ए. मी जसा दिसला तसा वाचला, "हवाला."

पटवारी उठून उभे राहिले.

"काय म्हनलं?"

"हवाला."

"पुन्हा वाचा."

तीनदा वाचायला लावलं. मग हात धुऊन आले. फळीवरचा बस्ता काढला.

"बाई, तुमाले समजून राह्यलं का हे? हवाला देला त्यानं. दफ्तर माह्या हवाली केलं!"

म्हटलं, "अहो, त्यांच्या भाषेतला काही शब्द असेल. तिकडं कुठला आलाय हवाला?"

"तिकडे तुर्काचं राज्य होतं म्हनून त्यानंच नाई लिवलं का पह्यल्या पानावर? तहसीलदार, हवालदार, जमादार, दफ्तराचे शब्द त्याहिचेच. भाषा कोनतीबी असो, दफ्तराचे शब्द एकच."

तुर्कांचं राज्य तर खरंच लिहिलं होतं. ते पत्र त्यांनी लाल कापडात ठेवलं, चार कोपरे बांधले आणि त्या दिवशी दोन वेळा जेवले. दुसऱ्या दिवशी गावभर सांगून आले की मले हवाला भेटला. गाव काय, टपलेलंच असतं. संध्याकाळपर्यंत त्यांचं नाव पडलं, फुटबॉलचे हवालदार. हाटेलात शिरले की कोणीतरी उठून सलाम ठोकायचा, "हवालदारसाहेब, काय म्हनते तुमचा क्लब?" पटवारी सलाम घ्यायचे आणि खरोखरीच सांगायला बसायचे. थट्टा करणाऱ्यालाच पळायची वाट राहायची नाही.

त्यांनी नवी वही आखली. पूर्वी पिकांची पहाणी लिहीत, तसेच रकाने. वर्ष, खेळाडू, जिंकलेले, हरलेले, बरोबरीत सुटलेले, पाऊसपाणी, शेरा. तिकडच्या सेक्रेटरीला प्रश्न गेले की मैदानाची लांबी-रुंदी किती, चारी बाजूंना कोण. उत्तर आलं. पूर्वेला रेल्वेचा रूळ, पश्चिमेला नदी, उत्तरेला वीटभट्टी, दक्षिणेला आलुबुखाराची बाग. पटवारी म्हणाले, असं तोंडी चालत नाही. नकाशा काढा, मापं टाका, क्लबाचा शिक्का मारा. त्या भल्या माणसानं तेही केलं. गोल निळा शिक्का मारलेला नकाशा आला. नदीकडच्या खुंटापासून भट्टीच्या भिंतीपर्यंतची मापं पावलांत आणि मीटरांत, दोन्ही. पटवाऱ्यांनी तो भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "मानूस कामाचा हाय."

जेव्हा कळलं की क्लब वरच्या वर्गातून खाली उतरला त्याच वर्षी नदीला पूर आला होता आणि मैदान महिनाभर पाण्याखाली होतं, तेव्हा तर विचारू नका. "पुराच्या साली दर्जा उतरवला? नुकसानीच्या साली साऱ्याची माफी असते! अर्ज केला नाई का कोनं?" म्हटलं, त्याला तीस वर्षं झाली. "मुदत कोनं पाह्यली? लिवा." त्या देशाच्या फुटबॉल खात्याच्या नावे मी अर्ज लिहिला, पुढं धाडायला सेक्रेटरीकडंच पाठवला. मेहेरबान साहेबांचे सेवेशी, सदर क्लब नदीकाठचा असून. हसू दाबून लिहिला, खोटं कशाला सांगू. सेक्रेटरीनं उत्तरात कळवलं की अर्ज वार्षिक सभेत मोठ्यानं वाचला. आधी सगळे खूप हसले, आणि मग त्या साली खेळलेला एक म्हातारा रडायला लागला. अर्ज काचेत घालून भिंतीवर लावला आहे. पटवाऱ्यांना काचेचं काही वाटलं नाही. "निकाल काय लागला?" एवढंच विचारलं.

एकदाच त्यांनी खरी मॅच पाहिली. जिल्ह्याच्या पूर्वेला कोळशाच्या खाणींकडं फुटबॉल जोरात चालायचा. शाळेच्या कामानं मी तिकडं जाणार होते, तर हे बरोबर निघाले. दिवसभर बस बदलत पोचलो. मॅच सुरू झाली आणि पटवारी मैदानाच्या कडेकडेनं पावलं मोजत चालायला लागले. लोक ओरडताहेत, गोल होताहेत, यांची पाठ खेळाकडं. चक्कर पूर्ण करून आले आणि म्हणाले, "आपलं मैदान ह्याच्याहून अठरा पावलं लांब हाय." आपलं! मी म्हटलं, गोल पाहिलात का? म्हणाले, "कोनतरी केलेच असतीन."

पत्रं येत राहिली. प्रत्येकाच्या शेवटी तो शब्द असायचा, आणि दरवेळी मी तो हवाला म्हणून वाचायची. म्हणजे एवढ्या पानाचा हवाला मिळाला. पटवारीही आपल्या पत्राच्या शेवटी तोच शब्द माझ्याकडून घालून घ्यायचे, मिळाला अशी कबुली म्हणून.

आणि एकदा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी असेल, सेक्रेटरीनं लिहिलं, "तुम्ही आमच्या भाषेत धन्यवाद म्हणायला शिकलात याचा मला फार आनंद होतो. दरवेळी शेवटी hvala वाचून बरं वाटतं."

धन्यवाद. एवढाच अर्थ होता त्याचा.

मी ओसरीवर बसले होते. पटवारी समोर, टोक केलेली पेन्सिल घेऊन. मागं बस्ता उघडा. मी ती ओळ गाळली. पुढची वाचली, की यंदा आलुबुखारे चांगले आले. डोळ्यांत डोळे घालून पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी बाई मी. पण त्या माणसाच्या हातून ते लाल गाठोडं पुन्हा काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. पत्र त्यांनी बस्त्यात ठेवलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, ही माझी सोय.

मग तिकडं लढाया सुरू झाल्या. देश फुटला. पत्रं यायची बंद झाली. आम्ही पाठवलेली दोन तर शिक्के बसून परत आली. पटवाऱ्यांनी विचारलं, आता ते गाव कोणत्या मुलखात? पेपरात वाचून मी नाव सांगितलं. ते म्हणाले, "माह्या गावाचं काय वेगळं झालं? जल्मलो तवा निजामाचं, मंग हैद्राबादचं, मंग आंध्राचं. गाव हाय तेथंच हाय." वहीत दरवर्षी ते ओळ आखायचे आणि लिहायचे, यंदा पहाणी झाली नाही. चार वर्षं तशीच ओळ आहे. दसऱ्याला बस्ता झटकत होते, आता मात्र जपून, आत पत्रं होती ना.

पाचव्या वर्षी पत्र आलं. अक्षर वेगळं. सेक्रेटरीच्या मुलीचं होतं. ती शाळेत शिकवत होती, माझ्यासारखीच. वडील गेल्या हिवाळ्यात वारले. त्याआधीच क्लबाची खोली शेगडीनं पेटून जळाली, वह्या, कागद, काचेतला तो अर्ज, काही राहिलं नाही. आता वीटभट्टी नव्या मालकानं घेतली आहे, आणि नदीकडचं निम्मं मैदान आपलं आहे म्हणतो. कोर्टात तारीख लागली आहे. वडील शेवटी म्हणायचे, हिंदुस्थानात एक माणूस आहे, त्याच्याकडं आपल्या मैदानाची मापं आहेत. तुमच्याकडं ती पत्रं असतील का? वडिलांच्या हातची, टपालाच्या शिक्क्यांसकट पाकिटं, आणि तो नकाशा. असतील तर कृपा करून मूळ कागद पाठवा.

मला वाटलं, म्हातारा उडी मारेल. त्यांनी विचारलं, "ठराव हाय का?"

"कसला ठराव?"

"दफ्तर परत मांगून राह्यले ना? हवाला देनारा मेला. पोरगी वारस हाय, कबूल. पन क्लबाचं दफ्तर वारसाच्या नावावर चढत नाई. क्लबाचा ठराव पाह्यजे, नव्या सेक्रेटरीची सही पाह्यजे. त्याबिगर मी कागद देत नाई."

"अहो, दीड महिन्यावर तारीख आहे. पत्र जायलाच तीन आठवडे. ठराव मागवेपर्यंत मैदान जाईल!"

"जाईन तं जाईन."

मी चिडले. वाट्टेल ते बोलले. ते ऐकत राहिले आणि मग हळू म्हणाले, "तवा जीपवाल्यानं मांगतलं, मी देलं. कोनाची सही नाई पाह्यली, पावती नाई घेतली. सहा महिन्यानं त्या कचेरीत गेलो तं पडवीत पडलं होतं. वाळवी लागली होती. माह्या बापाच्या हातचे कागद, बाई, चुरा झालते. आता पुन्हा नाई देत."

दहा दिवस गेले. रोज शाळेतून यायची, रोज विचारायची, रोज तेच. तिकडं एका बाईनं आशेनं पत्र टाकलंय आणि इथं आमचा हवालदार हुकमाची वाट बघतोय. हुकूम कधीच नव्हता, हे फक्त मला ठाऊक. रविवार होता. काकू सुपात ज्वारी पाखडत होत्या. मी समोर जाऊन बसले आणि सांगून टाकलं. हवाला कोणी दिलेलाच नाही. त्या शब्दाचा अर्थ धन्यवाद. त्यानं स्वतः लिहिलं होतं, मी गाळलं. हे दफ्तर तुमच्या ताब्यात कोणी सोपवलं नव्हतं, म्हणून ते परत द्यायला कोणाची सही लागत नाही.

काकूंचं सूप थांबलं.

"थँक्यू?" पटवारी म्हणाले.

"हो."

"पह्यल्याच पत्रात थँक्यू काऊन? तवा तं मी काईच केलं नोतं."

"तुम्ही पत्र लिहिलंत, त्याचंच असेल."

त्यांनी घसरलेला चष्मा वर सरकवला. "आन् हे तुमाले कवा समजलं?"

"सात वर्षं झाली."

"सात," ते म्हणाले, आणि बोटांवर मोजल्यासारखं केलं. मला वाटलं, आता खोली सोडा म्हणतील. काकूच मधे पडल्या. "बाईवर काऊन डोये काहाडता? तिनं सांगतलं असतं तं सात वर्सं काय केलं असतं तुमी? माह्या चुलीची नोंद केली असती!"

पटवारी उठून आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. हाटेलातही गेले नाहीत. मी सामानाची आवराआवर मनातल्या मनात सुरू केली. मला त्यांची दया येत नव्हती, भीती वाटत होती, की हा माणूस आता चौथ्या दिवशीही जेवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर आले तर धुतलेला कोट, टोपी, समोर बस्ता उघडा. एकेक पत्र पाकिटासकट काढून यादी करत होते. अठ्ठावीस पत्रं, एक नकाशा शिक्क्यासह. मला म्हणाले, "इंग्रजी यादी करा. दोन प्रती." केली. मुलीला चार ओळींचं पत्र लिहून झालं. मग म्हणाले, "खाली थँक्यू लिवाचं. त्याहिच्या भाषेतलं. स्पेलिंग सांगा, मीच लिवतो."

"एच, व्ही, ए, एल, ए."

"आन् हवाला लिवाचा असला तं?"

"तेच."

चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. "मंग काऊन भांडून राह्यलो आपुन? दोनी पोचते." वाकून, जीभ दाताखाली धरून, एकेक इंग्रजी अक्षर चितारलं.

आदिलाबादच्या पोस्टात आम्ही दोघं गेलो. बसमध्ये पाकीट त्यांनी मांडीवरून हलू दिलं नाही. खिडकीतल्या पोऱ्यानं रजिस्टर करून चिठोरी दिली. ती त्यांनी दोनदा वाचली, घडी केली आणि टोपीच्या आत ठेवली. "ही पह्यली," म्हणाले. मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. जीपवाल्यांनी न दिलेली पावती.

उन्हाळ्यात उत्तर आलं. मैदान राहिलं. कोर्टानं नकाशावरची मापं धरली आणि टपालाच्या शिक्क्यांवरून साल मानलं. बरोबर एक फोटो होता. हिरवं मैदान, मागं भट्टीचं धुरांडं, नदीकडं नवं कुंपण, आणि तिथं एक खुंट. पटवाऱ्यांनी भिंगानं खुंट तेवढा पाहिला. पत्राच्या शेवटी तो शब्द होता. मी थांबले. "वाचा ना," ते म्हणाले. मी वाचलं, "धन्यवाद." त्यांनी मान हलवली, "बरोबर," आणि वही ओढून काहीतरी लिहिलं. हाटेलात लोक त्यांना मरेपर्यंत हवालदारच म्हणत राहिले, आणि ते सलाम घेत राहिले.

दोन वर्षांनी ते गेले. मी बदली घेऊन निघाले तेव्हा काकूंनी बस्त्यात बांधून ती वही माझ्या हातात दिली. त्यांचं किचकट अक्षर बाकी कोणाला वाचताही येत नाही. शेवटच्या पानाला टाचणीनं ती पोस्टाची चिठोरी लावलेली आहे. शेजारी शेऱ्याच्या रकान्यात फोटो आला त्या दिवशीची नोंद आहे. कुठल्याही तहसीलदारानं ती चुकीची म्हणून परत पाठवली असती:

"हवाला मिळालेला नव्हता. दफ्तर सांभाळले. परत केले. पावती आहे."